पियेर एदमाँ ब्वासिए

पियेर एदमाँ ब्वासिए (२५ मे, १८१०:जिनिव्हा – २५ सप्टेंबर, १८८५:वालेर-सू-रांस, व्हो, स्वित्झर्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रवासी आणि वनस्पतिसंग्राहक होते. ग्रीस व इजिप्तपासून हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण प्रदेशातील वनस्पतींची पहिली समग्र नोंद त्यांनी *फ्लोरा ओरिएन्टालिस* या पंचखंडात्मक लॅटिन ग्रंथात केली. दक्षिण स्पेनमधील पिन्सापो फर वृक्षाचे पहिले शास्त्रीय वर्णन, युफोर्बिया या मोठ्या प्रजातीचा जगभरातील आढावा आणि कायोनोडोक्सा या निळ्या फुलांच्या कंदवर्गीय प्रजातीचा शोध ही त्यांची इतर प्रमुख कामे होत.

वनस्पतिशास्त्राशी संबंध नसलेल्या बागप्रेमींना ब्वासिए यांचे नाव क्वचितच माहीत असते. मात्र त्यांच्या पत्नीचे नाव समशीतोष्ण देशांतील असंख्य बागांमधून गेली दीडशे वर्षे वावरत आहे. बर्फ वितळताना फुलणाऱ्या कायोनोडोक्सा लुसिलिई या वनस्पतीला त्यांनी पत्नी लुसील यांचे नाव दिले. ते नाव पुढे बागांमध्ये नेमक्या कोणत्या झाडाला लावले गेले, याची कथा मात्र गुंतागुंतीची आहे.

जन्म आणि शिक्षण

ब्वासिए यांचा जन्म जिनिव्हातील एका सधन व प्रतिष्ठित घराण्यात झाला. त्या वेळी जिनिव्हा फ्रेंच साम्राज्यात सामील होते. ते स्विस संघात आले तेव्हा ब्वासिए पाच वर्षांचे होते. त्यांच्या आईचे माहेर ब्युतिनी घराण्यातील असून आजोबा पियेर ब्युतिनी हे शहरातील नामांकित वैद्य होते. ब्वासिए यांची धाकटी बहीण व्हालेरी ही पुढे व्हालेरी द गास्पारँ या नावाने लेखिका म्हणून प्रसिद्धीस आली. परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी तिने १८५९ मध्ये लोझान येथे स्थापन केलेली ला सूर्स ही संस्था आजही कार्यरत आहे.

कुटुंबाचा उन्हाळा जुरा पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या वालेर या गावातील वाड्यात जाई. जुरा आणि आल्प्समधील भटकंतीतून ब्वासिए यांना लहानपणीच वनस्पती गोळा करण्याचा छंद लागला. पुढे जिनिव्हाच्या अकादमीत त्यांना ऑगस्टिन पिराम द कांदोल यांचे मार्गदर्शन लाभले. द कांदोल हे त्या काळातील युरोपातील अग्रगण्य वनस्पतिवर्गीकरणतज्ज्ञ होते आणि त्यांच्यामुळे जिनिव्हा हे लहानसे शहर या शास्त्राचे एक केंद्र बनले होते. जगातील सर्व ज्ञात बीजधारी वनस्पतींची नोंद करणारा *प्रोड्रोमस* हा त्यांचा प्रचंड प्रकल्प तेव्हा सुरू होता. एका माणसाच्या आयुष्यात न संपणारे काम हाती घेण्याचे धाडस ब्वासिए यांनी बहुधा येथेच पाहिले.

ब्वासिए यांना उपजीविकेसाठी नोकरी करण्याची गरज कधीच पडली नाही. प्रवास, संग्रह, चित्रकारांचे मानधन, ग्रंथांची छपाई हा सारा खर्च त्यांनी स्वतः केला. विद्यापीठातील पदाविना, केवळ घरच्या उत्पन्नावर विज्ञानाची सेवा करणाऱ्यांची परंपरा त्या काळी युरोपात होती. ब्वासिए हे तिचे एक ठळक उदाहरण होय.

स्पेनचा प्रवास

१८३७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ब्वासिए दक्षिण स्पेनला गेले. अंदालुसियाचे डोंगर वनस्पतिशास्त्रज्ञांना तोवर फारच थोडे परिचित होते. देशात यादवी युद्ध चालू होते आणि रस्ते धोक्याचे होते. त्या वर्षी त्यांनी समुद्रकिनाऱ्यापासून सिएरा नेवाडाच्या शिखरांपर्यंत वनस्पती गोळा केल्या आणि कोणती वनस्पती किती उंचीवर आढळते याच्या काटेकोर नोंदी ठेवल्या.

या प्रवासातील सर्वांत गाजलेला शोध पिन्सापो वृक्षाचा होय. मालागा येथील औषधविक्रेते फेलिक्स हेन्सेलर यांच्याकडे डोंगरातून आणलेली एका सूचिपर्णी वृक्षाची फांदी होती, परंतु तिला शंकू नसल्याने वृक्षाची ओळख पटत नव्हती. ब्वासिए यांनी सिएरा बेर्मेजा डोंगर चढून तो वृक्ष गाठला आणि पुढे त्याच भागातील दुसऱ्या डोंगररांगेत त्याचे शंकूही मिळवले. तो फर असून शास्त्राला सर्वस्वी नवा असल्याचे त्यावरून सिद्ध झाले. १८३८ मध्ये त्यांनी त्याचे ॲबीस पिन्सापो या नावाने वर्णन केले. दुसरा शब्द स्थानिक लोकांच्या बोलीतून जसाच्या तसा उचललेला आहे. डोंगरातील लाकूडतोडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असलेला एवढा मोठा वृक्ष युरोपच्याच भूमीवर शास्त्रज्ञांच्या नजरेआड राहिला होता, ही बाब त्या काळी आश्चर्याची ठरली. आज हा वृक्ष स्पेनमधील मोजक्याच डोंगरांवर उरला असून संकटग्रस्त मानला जातो.

स्पेनमधील निरीक्षणांवर आधारित *व्होयाज बोतानिक दाँ ल मिदी द लेस्पान्य* हा त्यांचा ग्रंथ १८३९ ते १८४५ या काळात क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे दोनशे रंगीत चित्रे झाँ-क्रिस्टोफ हेलाँ यांनी काढलेली आहेत. वर्णनाची अचूकता आणि चित्रांचा दर्जा या दोन्ही दृष्टींनी हा ग्रंथ आजही संग्राहकांमध्ये मोलाचा समजला जातो.

विवाह आणि पूर्वेकडील प्रवास

१८४० मध्ये ब्वासिए यांचा विवाह त्यांच्या आईच्याच घराण्यातील लुसील ब्युतिनी (१८२२–१८४९) यांच्याशी झाला. विवाहाच्या वेळी लुसील अठरा वर्षांच्या होत्या. त्यांना आजेनोर (जन्म १८४१) व कारोलीन (जन्म १८४७) ही दोन अपत्ये झाली. पतीच्या प्रवासांत लुसील अनेकदा सोबत असत. घोड्यावरून व खेचरांवरून होणारा तो प्रवास त्या काळातील युरोपीय गृहिणीच्या दृष्टीने सोपा नव्हता.

१८४२ मध्ये ब्वासिए ग्रीसमार्गे ऑटोमन साम्राज्यातील पश्चिम अनातोलियात गेले. त्या प्रदेशातील सिपिलस, त्मोलस, कॅडमस या प्राचीन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या डोंगरांवर त्यांनी वनस्पती जमवल्या. ही नावे ग्रीक पुराणकथांतून युरोपातील प्रत्येक सुशिक्षिताला पाठ होती, पण त्या डोंगरांवर काय उगवते हे फारसे कोणी पाहिले नव्हते. त्मोलस म्हणजे आजचा बोझदाग. सुमारे २,१५० मीटर उंचीच्या या पर्वताच्या माथ्याजवळ, वितळत्या बर्फाच्या कडेला त्यांना एक लहान निळे कंदपुष्प दिसले. सिला प्रजातीशी त्याचे साम्य होते. मात्र फुलाची घडण पाहून त्यांनी ते वेगळे मानले. १८४४ मध्ये त्यांनी त्यासाठी कायोनोडोक्सा ही नवी प्रजाती स्थापन केली. ग्रीक भाषेत खिओन म्हणजे बर्फ आणि डोक्सा म्हणजे वैभव. इंग्रजी बागकामातील ग्लोरी ऑफ द स्नो हे नाव याचाच अनुवाद आहे. जातीचे नाव लुसिलिई असे ठेवले.

पत्नीचे नाव दिलेली ही त्यांची एकमेव वनस्पती नव्हे. सिपिलस पर्वताच्या खडकांवर सापडलेल्या, भोकर कुलातील एका फिकट निळ्या फुलाच्या वनस्पतीलाही त्यांनी १८४४ मध्येच ओम्फॅलोडस लुसिलिई असे नाव दिले. ती आजही शैलोद्यानांतील एक दुर्मीळ व वाढवण्यास अवघड वनस्पती म्हणून ओळखली जाते.

१८४५–४६ मध्ये ब्वासिए यांनी इजिप्त, सिनाई, पॅलेस्टाइन, लेबनॉन व सीरिया या प्रदेशांचा प्रवास केला. या दोन प्रवासांनी त्यांच्या पुढील आयुष्याचे काम निश्चित केले. नव्या वनस्पतींची वर्णने ते *डायग्नोसेस प्लान्टारुम ओरिएन्टालियुम नोव्हारुम* या मालिकेतून १८४२ पासून १८५९ पर्यंत प्रसिद्ध करत राहिले. या मालिकेत घाईने वेगळ्या ठरवलेल्या काही जाती त्यांना पुढे स्वतःच एकत्र कराव्या लागल्या. त्यांनी ते संकोच न करता केले, ही गोष्ट त्यांच्या पुढील ग्रंथाच्या विश्वासार्हतेला पूरकच ठरली.

पत्नीचे निधन

१८४९ मध्ये ब्वासिए स्पेन व अल्जीरियाच्या प्रवासाला निघाले. या प्रवासात ग्रानादा येथे लुसील यांना विषमज्वराने गाठले आणि त्यातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. थोरला मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी दोन वर्षांची होती. ज्या प्रदेशाने ब्वासिए यांना तरुणपणी शास्त्रज्ञ म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली, तेथेच हा आघात त्यांच्यावर झाला.

या प्रवासात जमवलेल्या वनस्पतींची वर्णने ब्वासिए यांनी आपले सहकारी झॉर्झ फ्रांस्वा रॉयटर यांच्यासह १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. लॅटिन वर्णनांच्या त्या कोरड्या पुस्तिकेत शोकाला अर्थातच जागा नाही. रॉयटर (१८०५–१८७२) हे प्रारंभी खोदचित्रकार होते. पुढे ते ब्वासिए यांच्या संग्रहाचे व्यवस्थापक आणि जिनिव्हाच्या वनस्पती उद्यानाचे संचालक झाले. त्यांची साथ ब्वासिए यांना अनेक वर्षे लाभली.

ब्वासिए स्पेनमध्ये नंतरही गेले. पूर्वेकडील दूरच्या डोंगरांतील नवे नमुने मात्र त्यांच्याकडे प्रामुख्याने इतरांच्या हातून येऊ लागले आणि ते स्वतः जिनिव्हा व वालेर येथील टेबलाशी अधिकाधिक बांधले गेले.

फ्लोरा ओरिएन्टालिस

ज्या ग्रंथावर ब्वासिए यांची कीर्ती प्रामुख्याने अवलंबून आहे, त्याचा पहिला खंड १८६७ मध्ये आणि पाचवा १८८४ मध्ये पूर्ण झाला. ग्रीस, क्रिमिया, कॉकेशस, इजिप्त, अरबस्तानचा उत्तर भाग, आशिया मायनर, सीरिया, मेसोपोटेमिया, इराण, अफगाणिस्तान, बलुचिस्तान व तुर्कस्तान एवढा प्रदेश त्यात सामावलेला आहे. वर्णन केलेल्या जातींची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे.

हे काम एकट्या माणसाच्या प्रवासावर उभे राहणे शक्यच नव्हते. इराणमध्ये इस्फहान येथे मरण पावलेले ओशे-एलोय, टॉरस पर्वत व इराण पालथा घालणारे थिओडोर कॉच्ची, अनातोलियात काम केलेले बँजामँ बालान्सा, अथेन्सचे थिओडोर फोन हेल्ड्राइख, इराक व इराणमध्ये फिरलेले कार्ल हाउसक्नेख्ट अशा अनेक संग्राहकांचे नमुने ब्वासिए यांनी विकत घेतले, देवघेवीत मिळवले वा भेट म्हणून स्वीकारले. प्रत्येक जातीच्या नोंदीत तिचे स्थान आणि ती गोळा करणाऱ्याचे नाव दिलेले असते. ब्वासिए यांनी स्वतः पाहिलेल्या नमुन्यापुढे उद्‌गारचिन्ह असते. छोटे दिसणारे हे चिन्ह नंतरच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडले, कारण कोणते विधान प्रत्यक्ष नमुन्यावरून केले आहे आणि कोणते ऐकीव माहितीवर, हे त्यावरून कळते.

ग्रंथाच्या शीर्षकातच त्याची पूर्व सीमा हिंदुस्थानची हद्द अशी दिली आहे. या टोकाकडील वनस्पतींसाठी त्यांना मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतील जॉन एलर्टन स्टॉक्स यांच्या संग्रहाचा उपयोग झाला. स्टॉक्स यांनी सिंध व बलुचिस्तानात विपुल वनस्पती जमवल्या होत्या. सिंध व सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या, चित्रक कुलातील एका झुडपाला ब्वासिए यांनी १८४८ मध्ये स्टॉक्स यांचे नाव दिले. ते आता लिमोनियम स्टॉक्साय म्हणून ओळखले जाते. जोसेफ डाल्टन हूकर यांच्या संपादनाखाली निघालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील ग्रंथात *फ्लोरा ओरिएन्टालिस*चे संदर्भ पदोपदी येतात. एका ग्रंथाचा प्रदेश संपतो तेथे दुसऱ्याचा सुरू होतो.

ब्वासिए यांच्या निधनानंतर १८८८ मध्ये या ग्रंथाचा पुरवणी खंड रोबेर्ट बुझेर यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात तुर्कस्तान, इराण, पॅलेस्टाइन इत्यादी देशांच्या स्वतंत्र वनस्पतिसूची तयार झाल्या. एवढा सगळा प्रदेश एकाच लेखकाने हाताळण्याचा प्रयत्न मात्र त्यानंतर कोणी केला नाही.

युफोर्बियाचा अभ्यास

द कांदोल यांच्या *प्रोड्रोमस*साठी ब्वासिए यांनी चित्रक कुलाचा विभाग (१८४८) आणि युफोर्बिया व तिच्या निकटच्या प्रजातींचा विभाग (१८६२) लिहिला. शेर, त्रिधारी निवडुंग, नायटी या महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या वनस्पती याच युफोर्बिया प्रजातीत मोडतात. कुंपणाचा काटेरी निवडुंग आणि अंगणातील वीतभर नायटी यांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. दोन्हींत चीक असतो आणि दोन्हींचे पुष्पबंध एकाच विशिष्ट पेल्यासारख्या घडणीचे असतात. अशा सूक्ष्म लक्षणांवर शेकडो जातींची मांडणी करणे हे कष्टाचे काम होते. त्यातील १२२ जातींची चित्रे त्यांनी १८६६ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ही चित्रेही हेलाँ यांचीच आहेत.

लुसिलिई या नावाचा पुढील प्रवास

कायोनोडोक्सा ही आता शतावरी कुलात गणली जाणारी प्रजाती आहे. महाराष्ट्रातील रानकांदाही याच कुलातील. बोझदागवरील मूळ वनस्पतीच्या देठावर सहसा एक ते तीन मोठी, वर तोंड केलेली, फिकट जांभळट निळी फुले येतात आणि मध्यभागी लहानसा पांढरा भाग असतो. ब्वासिए यांनी ती शोधल्यानंतर तीसहून अधिक वर्षे युरोपातील बागांना तिचा पत्ता नव्हता.

१८७७ मध्ये इंग्रज उद्योजक जॉर्ज मॉ यांनी स्मर्नाजवळील निफ डोंगरावरून कायोनोडोक्साचे कंद इंग्लंडला आणले. मॉ यांचा फरशीच्या नक्षीदार टाइल्सचा कारखाना होता आणि केशराच्या प्रजातीवरील त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. त्यांचे कंद बागांत सहज रुजले, भराभर वाढले आणि काही वर्षांतच वसंतातील एक लोकप्रिय फूल बनले. इंग्लंडमधील तज्ज्ञांनी ते लुसिलिई असल्याचे ठरवले आणि त्या नावाने ते विकले जाऊ लागले. वस्तुतः त्याच्या देठावर चार ते दहाबारा फुले येत, ती बाजूला झुकलेली असत आणि मधला पांढरा भाग बराच मोठा असे. हे रूप जॉन गिल्बर्ट बेकर यांनी १८७१ मध्ये वर्णिलेल्या कायोनोडोक्सा फोर्बेसाय या जातीच्या जवळचे होते. काही तज्ज्ञ त्याला सीहेई या निराळ्या जातीत घालतात.

पुढे बोझदागकडील मोठ्या फुलांची वनस्पतीही बागांत आली, पण लुसिलिई हे नाव आधीच दुसरीला दिलेले असल्याने तिला जायगांटिया हे नाव मिळाले. अशा प्रकारे लुसील ब्वासिए यांची वनस्पती परक्या नावाने आणि परकी वनस्पती लुसील यांच्या नावाने वाढत राहिली. वनस्पतींच्या नामकरणात नाव हे मूळ प्ररूप नमुन्याशी बांधलेले असते. रोपवाटिकांतील रूढीने ते बदलत नाही. जिनिव्हात जपून ठेवलेल्या ब्वासिए यांच्या नमुन्यांशी तुलना झाल्यावर हा घोटाळा विसाव्या शतकात उलगडला आणि जायगांटिया हीच खरी लुसिलिई असल्याचे मान्य झाले. रोपविक्रेत्यांच्या यादीत जुनी नावे अजूनही चालू आहेत, त्यामुळे कंद विकत घेणाऱ्याने नावापेक्षा फुलांची संख्या पाहिलेली बरी.

या गोंधळाचा परिणाम एका दुर्मीळ संकरजावरही झाला. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील शेप्टन मॅलेट येथे जेम्स ॲलन हे हौशी बागकार राहत. हिमपुष्पांच्या, म्हणजे स्नोड्रॉपच्या, संकरणासाठी ते प्रसिद्ध होते. शंभराहून अधिक प्रकारांचा त्यांचा संग्रह पुढे बुरशीने आणि माशीच्या अळ्यांनी जवळजवळ नष्ट केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या बागेत कायोनोडोक्सा आणि सिला बायफोलिया शेजारी वाढत असताना दोहोंचा संकर झाला. हे संकरज ॲलन यांच्या नावावरून कायोनोसिला ॲलेनाय म्हणून ओळखले जाऊ लागले. नावातच दोन्ही प्रजातींची नावे जोडलेली आहेत.

दोन्ही जनकांतील मुख्य भेद फुलाच्या तळाशी असतो. कायोनोडोक्साची परिदले तळाशी जुळून छोटी नळी बनते आणि तिचे पांढरट, चपटे केसरतंतू एकमेकांना बिलगून मध्यभागी शंकू तयार करतात. सिला बायफोलियाची परिदले तळापर्यंत सुटी आणि केसरतंतू बारीक व पसरलेले असतात. संकरजात नळी अगदी आखूड असते, केसरतंतू किंचित रुंद असतात, पांढरा मध्य जवळपास नाहीसा होतो आणि फुलाचा निळा रंग दोन्ही जनकांपेक्षा गडद वाटतो. उंची सुमारे १० ते १५ सेंटिमीटर भरते. मुख्य कंदाला फुटणाऱ्या लहान कंदांपासून त्याची वाढ करतात. शरद ऋतूत पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत कंद लावून वसंतात पाने पूर्ण सुकेपर्यंत त्यांना हात न लावणे एवढी काळजी त्याला पुरते. तरीही व्यापारात ते क्वचितच मिळते.

या संकरजाचा एक जनक म्हणून जुन्या पुस्तकांत लुसिलिई हे नाव आढळते. ॲलन यांच्या काळात इंग्लंडमधील बागांत त्या नावाखाली मॉ यांचीच वनस्पती प्रामुख्याने वाढत होती, हे ध्यानात घेतल्यास ती नोंद सावधपणे वाचावी लागते.

दोन वेगळ्या मानलेल्या प्रजातींचा असा सहज संकर होतो, ही गोष्ट त्या दोहोंमधील सीमारेषा पुसट असल्याचे सुचवते. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ स्पेटा यांनी १९७१ मध्ये कायोनोडोक्साचा समावेश सिलामध्ये केला आणि आता अनेक सूचींत तो मान्य आहे. त्यानुसार ब्वासिए यांच्या फुलाचे नाव सिला लुसिलिई आणि संकरजाचे सिला × ॲलेनाय असे होते. बोझदागच्या बर्फाकाठी ब्वासिए यांनी बांधलेली प्रजाती अशा प्रकारे विसर्जित झाली, पण लुसिलिई हे पद तिच्यासोबत गेले नाही. नामकरणाच्या नियमांनुसार जातीचे सर्वांत जुने वैध पद नव्या प्रजातीतही कायम राहते. बागप्रेमींनी मात्र कायोनोडोक्सा हे नाव सोडलेले नाही.

वालेर येथील बाग आणि संग्रह

वालेर येथील घराभोवती ब्वासिए यांनी डोंगरी वनस्पतींची बाग केली होती. प्रवासातून आणलेल्या बिया व रोपे ते तेथे दगडांच्या वाफ्यांत वाढवत. आल्पाइन वनस्पतींची बाग ही कल्पना युरोपात रूढ होण्याच्या आधीच्या मोजक्या बागांत तिची गणना होते. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यावरून न कळणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ फुलाचा खरा रंग किंवा कंदाची वाढ, त्यांना येथे जिवंत झाडावर पाहता येत.

त्यांचा वनस्पतिसंग्रह हा त्या काळातील सर्वांत मोठ्या खाजगी संग्रहांपैकी एक होता. मुलगी कारोलीन हिचा विवाह विल्यम बार्बे (१८४२–१९१४) यांच्याशी झाला. बार्बे हे स्वतः वनस्पतिशास्त्रात रमणारे होते. सासऱ्यांच्या निधनानंतर त्यांनी हा संग्रह जिनिव्हाजवळील शांबेझी येथे बांधलेल्या स्वतंत्र इमारतीत नेला, त्यात मोठी भर घातली आणि त्याच्या नावाने १८९३ पासून एक शोधपत्रिकाही चालवली. १९१८ मध्ये, कारोलीन यांच्या निधनाच्या वर्षी, हा संग्रह जिनिव्हा विद्यापीठाकडे आला. आज तो जिनिव्हाच्या वनस्पती उद्यान व संग्रहालयात असून *फ्लोरा ओरिएन्टालिस*चे मूळ नमुने इतर नमुन्यांत न मिसळता वेगळे ठेवलेले आहेत.

अखेरची वर्षे

पाचवा खंड पूर्ण होईपर्यंत ब्वासिए यांची प्रकृती खालावली होती. रॉयटर १८७२ मध्येच निवर्तले होते आणि ज्यांच्या नमुन्यांवर ग्रंथ उभा होता, त्यांपैकी अनेक संग्राहकही हयात नव्हते. २५ सप्टेंबर १८८५ रोजी वालेर येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूसमयी ते ७५ वर्षांचे होते.

पश्चिम व मध्य आशियातील शुष्क प्रदेशांत आढळणाऱ्या ब्वासिएरा या गवताच्या प्रजातीला त्यांचे नाव दिलेले आहे. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे त्यांचा निर्देश बॉइस. या संक्षेपाने केला जातो. लुसिलिई या दोन्ही नावांपुढेही तोच आढळतो.